नणंदेच्या केसांना नीळ

भिलईच्या पोलाद कारखान्यात तेव्हा माणूस कुठं कामाला आहे ते त्याचं डोकं पाहून कळायचं. कोक ओव्हनवाला काळा, सिमेंटच्या कामावरचा पांढरा आणि कच्च्या लोखंडाच्या यार्डातला लाल. शिफ्ट सुटली की ही सगळी रंगीत डोकी सायकलींवरून आमच्या सेक्टरच्या रस्त्यानं घरी येत आणि नळाखाली बसत. बायांची डोकी तेवढी आपापल्या रंगाची राहात. त्यातही माझ्या धाकट्या नणंदेचं डोकं सोडून.

नणंदेचे केस पंचविशीच्या आतच पिकायला लागले. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. कुणी म्हणे टायफाइडनं, कुणी म्हणे वर्ध्याच्या विहिरीच्या पाण्यानं. तिला पहिल्यांदा पाहायला आले तेव्हाच कानामागे दोन-चार बटा पांढऱ्या होत्या, पण घरातल्या मोठ्या बायांनी पदर कपाळापर्यंत ओढून दिला आणि लग्न पार पडलं. पुढं सासरी डोकं धुताना जे दिसायचं ते दिसलं. सासू म्हणाली, म्हातारी गळ्यात मारली. नवरा तिच्या तोंडावर काही बोलला नाही. आमच्या यांना निरोप धाडला, की बहिणीला घेऊन जा. काडीमोड झाली आणि एक ट्रंक घेऊन ती आमच्या क्वार्टरात आली. मला त्या लोकांचा असा राग आला होता, की तो अजून गेला नाही, आणि घालवायची माझी इच्छाही नाही.

ती आली आणि मला मात्र बरं झालं, हे खोटं कशाला सांगू? हे आठ तास प्लांटमध्ये, आणि क्वार्टरात मी आणि भिंती. आजूबाजूला सगळा देश गोळा झालेला, पण गोष्ट करायला एक बाई नाही. डावीकडे पंजाबीण, उजवीकडे तेलगू बाई, समोर बंगाली. मी हातवारे करून करून दमले होते. नणंद आली आणि माझी जीभ सुटली. आम्ही दोघी दिवसभर बोलायचो आणि कपडे धुवायचो. माझ्या पांढऱ्या कपड्यांची सेक्टरात कीर्ती होती, सांगून ठेवते. यार्डाकडून वारा आला की सगळ्यांच्या दोरीवरचे कपडे तांबूस होत, माझे होत नसत. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. रविवारी बुद्धवंदनेला पांढरं लुगडं, यांचं पांढरं धोतर, आणि ते पांढरं म्हणजे पांढरंच पाहिजे. त्यासाठी सोडा, ऊन आणि शेवटी नीळ. निळीचा हात सगळ्यांना जमत नाही. कमी पडली तर कपडा पिवळा दिसतो, जास्त पडली तर ढगाळ. माझा हात बसलेला होता.

वंदनेलाच नणंदेनं तो माणूस पाहिला. लोखंडाच्या यार्डात कामाला, मजुरांच्या कॅम्पात आईसोबत राहणारा, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बेसूर, म्हणून तिच्या ध्यानात राहिला. दर रविवारी घरी येताना ती त्याची नक्कल करायची आणि पोट धरून हसायची. मी म्हटलं, बाई, नक्कल करता करता लय लांब चालली तू. तर तिचे कान लाल झाले. आमच्या यांच्या कानावर मी गोष्ट घातली, यांनी त्याच्या कानावर घातली, आणि रविवारी चार वाजता तो आईला घेऊन पाहायला येणार असं ठरलं. आमच्यात सोडलेल्या बाईचा पाट लावायची रीत जुनीच. दीक्षेनंतर त्याला पाट न म्हणता सरळ लग्न म्हणायचं, एवढाच फरक. त्यामुळं दुसरेपणाची अडचण नव्हती. अडचण होती ती केसांची.

नणंद मला म्हणाली, "वयनी, हे एक डाव बसते मी. इथूनबी परत पाठवलं तं मंग कोणाच्या समोर बसत नाही. टोपलं घेते अन् रेजायच्या कामावर जाते." रेजा म्हणजे बांधकामावर माती वाहणाऱ्या बाया. तिचं बोलणं गमतीचं नव्हतं. तिनं तोवर टोपल्याची चौकशीही करून ठेवली होती.

म्हणून मी पंजाबिणीकडे गेले. तिचं डोकं पन्नाशीतही काळंभोर होतं. ती म्हणाली, त्यात काय एवढं? मेंदी, चहाचं पाणी आणि आवळ्याची पूड लोखंडाच्या कढईत रात्रभर भिजवायची. सकाळी लावायची, उन्हात वाळवायची. हे तिनं मला तीनतीनदा हिंदीत समजावलं आणि मी तीनतीनदा मान हलवली. घरी येऊन पाहते तर लोखंडाची कढई नाही. आता सांगा, आमचे हे दिवसभर लोखंड वितळवणार, अख्ख्या देशाला पुरेल एवढं लोखंड आमच्या दारावरून रेल्वेनं जाणार, आणि माझ्या घरात भांडी सगळी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, आणि पितळेची. मी म्हटलं, कढईनं काय होते? रंग तर मेंदीत आहे. आणि जर्मनच्या भगोन्यात भिजवून टाकली.

शनिवारी सकाळी लावली, अंगणात उन्हात बसवली, गप्पा मारल्या, धुतली. काळे केस होते तसेच काळे राहिले. पांढरे होते ते सगळे नारिंगी झाले. पिवळट-बिवळट नाही, संत्र्याच्या सालीसारखे नारिंगी, आणि पट्ट्यापट्ट्यांनी. आमचे हे जेवायला आले, बहिणीकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, वाघ पाळला काय घरात? मी यांना ताटावरून उठवलं असतं, पण नणंदच हसायला लागली.

पंजाबीण धावत आली. तिनं केस हातात घेतले आणि एकच विचारलं, "कढ़ाई लोहे की थी ना?" मी म्हटलं, लोहे की नहीं थी, पण मोठी थी. ती कपाळाला हात लावून गेली.

मेंदी एकदा बसली की निघत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण उद्या पाहुणे येणार असले की माणूस ठाऊक असलेलं विसरतो. आधी लिंबू चोळलं. मग आंबट दही थापलं. मग कुणी तरी सांगितलं म्हणून जवसाचं तेल गरम करून चोळलं आणि बेसनानं काढलं. एवढं करून नारिंगी काही उतरलं नाही, उलट त्याला चमक आली. केस एवढे मऊ आणि चमकदार झाले, की एरवी मी खूश झाले असते.

दुपारी आम्ही दोघी हताश होऊन अंगणात बसलो. दोरीवर धोतर आणि लुगडी वाळत होती. नणंद त्यांच्याकडे पाहात होती. मग म्हणाली, "वयनी, धोतर पिवळं पडलं की तुमी निळीत बुडवता. पिवळेपन मरते ना? मंग केसायचं कावून नाही मरनार?"

तुम्हाला हसू येत असेल. मला नाही आलं. मला वाटलं, इतकी साधी गोष्ट माझ्यासारखीला कशी सुचली नाही. पिवळ्यावर नीळ चालते, हे तर मी रोज डोळ्यांनी पाहते. नारिंगी म्हणजे जरा जास्तीचं पिवळं, तर नीळही जरा जास्तीची. मी गोधडीला घालते तेवढी नीळ घमेल्यात कालवली, फडक्यातून गाळलीसुद्धा, म्हणजे डाग पडायला नकोत. आणि नणंदेचं डोकं त्यात मागून पुढं बुडवलं. चूक म्हणाल तर दोघींची, आणि हात मात्र माझा.

उचललं तर काय सांगू. पट्टे कुठं हिरवट, कुठं जांभळट. भांग निळा, कानांच्या पाळ्या निळ्या, मानेवरून खाली दोन ओघळ, आणि माझे हात कोपरापर्यंत. नणंदेनं आरसा मागितला. मी नाही म्हटलं. तिनं घमेल्याच्याच पाण्यात पाहिलं, आणि एवढी हसली, की तेलगू बाई भिंतीवरून डोकावली आणि तीही हसायला लागली. मी मात्र रडले. माझ्या निळीच्या हाताचा गर्व त्या दिवशी गेला, आणि त्याहून जास्त म्हणजे या पोरीचं उद्या काय होणार, या भीतीनं मला रडू आलं. वरून तीच माझी समजूत घालत होती.

नीळ निदान निघते. कपड्याची निघते तशी डोक्याचीही निघेल, एवढा एक आधार होता. रविवारी उजाडताच मी रिठे उकळले. पाहुणे चारला येणार, तोवर दोनतीन हात होतील असा हिशोब. पहिल्या हातात हिरवा गेला. दुसऱ्या हाताला जांभळा फिका पडला. कानांना मी राखेनं घासत होते, नणंद उकिडवी बसून डोळे गच्च मिटून होती, आणि फाटकाची कडी वाजली.

सकाळचे दहाही वाजले नसतील. त्याची शिफ्ट बदलली होती. दुपारी यार्डात हजर व्हायचं होतं, म्हणून तो आताच आला होता, आईला घेऊन. आमचे हे बनियनवर दार उघडायला गेले. पुढच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला, म्हातारीचं खोकणं आलं, आणि आम्ही दोघी मागच्या अंगणात, नणंदेच्या केसांतून पाणी टपकतंय.

मी पटकन तिला पुसलं, लुगडं बदलायला लावलं, केसांचा कसातरी अंबाडा वळला आणि पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला. निळे कानही आत गेले. पोहे द्यायचे, नमस्कार करायचा आणि आत यायचं. मी तिला समजावलं, बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची, आजचा दिवस निभावून ने, बाकी मागून पाहू.

ती म्हणाली, "ते मूठ एक डाव उघडली होती वयनी. काय झालं ते तुमीच पाहिलं."

आणि तिनं पदर मागं टाकला. अंबाडा सोडला. मी तिचा हात धरला, तर तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेली.  मी दाराशी जाऊन उभी राहिले.

आमच्या यांनी तिला पाहिलं आणि छताकडे पाहायला लागले. म्हातारीचा हात बशीकडे जाता जाता थांबला. तो माणूस खुर्चीत आखडून बसला होता, स्वच्छ धुतलेला सदरा, आणि सदऱ्याच्या कॉलरवर लाल धुळीची कड. नणंदेनं बश्या ठेवल्या आणि नमस्कार करून उभी राहिली. ओले केस, अर्धे काळे, अर्धे नारिंगी, आणि दोन्ही कान निळे. मग ती बोलली. 

"माये केस पिकले हायेत. तुमी येनार म्हणून मेंदी लावली, ते अशी झाली. वरून नीळ लावली, ते कानाले लागली. पदर घेतला असता तं तुमाले दिसलं नसतं. पन मले एक डाव केसायपायी परत पाठवलं हाये. जे पाहाचं ते आताच पाहून घ्या. मागून पाहून परत नका पाठवू."

 म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. ती काहीतरी विचारायच्या तयारीत होती. वय विचारलं असतं, रोग आहे का विचारलं असतं, पोर का झालं नाही ते विचारलं असतं. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं नणंदेनं पाठ करून ठेवली होती. मला ठाऊक होतं, कारण आदल्या आठवड्यात मीच तिच्याकडून म्हणवून घेतली होती.

तो माणूस केसांकडे पाहातच नव्हता. तिच्या डोळ्यांकडे पाहात होता. ते लालभडक झाले होते.

"रिठा लावला काय?" त्यानं विचारलं. "डोयात तं नाही गेला?"

या प्रश्नाचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. केस पिकल्यापासून तिला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. सासूनं विचारलं, पंचांनी विचारलं, वैद्यानं विचारलं, आम्हीही विचारलं. तुला काय होतंय, हे कुणी विचारलं नव्हतं. सकाळपासून मी तिच्या डोक्यावर रिठ्याचे तांबे ओतत होते, पण माझंही लक्ष कानांवर होतं.  

"गेला," नणंद म्हणाली. "अजून झोंबून राहिला."

आणि जी रडायला लागली, ती काडीमोड झाल्यावरही कधी रडली नव्हती अशी. तो उठला. पाहायला आलेला माणूस खुर्चीतून उठत नाही, आणि उठला तरी मागच्या अंगणात जात नाही. हा गेला, तिलाही पुढं घालून. नळाखालचा तांब्या भरला, तिला म्हणाला, वाका जरा, आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतायला लागला. ती डोळे धूत होती, तो ओतत होता. तांब्या रिकामा झाला की परत भरत होता.

 आमचे हे म्हातारीला म्हणाले, आता पसंतीचं कसं काय ते सांगा.

म्हातारीनं अंगणाकडे पाहिलं, मग पोह्यांची बशी मांडीवर घेतली. म्हणाली, "मले काय विचारता भाऊ. ते पाहा ना, तो काय करून राहिला."