जिवंत माणसाला श्रद्धांजली

आमच्या गावात कुणी गेलं की अग्नी दिल्यावर दोन शब्द बोलायची पद्धत आहे. ते दोन शब्द कित्येक वर्षं मीच बोलत आलोय. मी गावचा पोलीस पाटील, त्यात बारावी पास, आवाज मोठा, आणि स्मशानातून कुणाला मध्येच उठून जाता येत नाही, म्हणून माझं वक्तृत्व तिथंच फुललं. माणूस कसाही असो, चितेपुढं उभा राहिलो की मी त्याला मनमिळाऊ, कष्टाळू आणि गावाचा आधार करून टाकतो. ज्यानं आयुष्यभर माझा बांध कोरला त्यालाही मी एकदा उदार म्हणालो आणि घरी येऊन बायकोच्या शिव्या खाल्ल्या. तर आपल्याला बोलता येतं, हा माझा लय पक्का समज होता.

गेल्या उन्हाळ्यात सरहद्दीवर वातावरण तंग झालं आणि गावातल्या एका पोराला बोलावणं आलं. पोरगा म्हणजे पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. जिंतूर रोडच्या फाट्यावर त्याचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान. तो प्रादेशिक सेनेत होता. म्हणजे वर्षातले थोडे दिवस सैनिक, बाकी आपला धंदा, आणि हुकूम आला की दुकानाला कुलूप लावून पलटणीत हजर व्हायचं. आजवर हुकूम यायचा तो सरावाचा. या वेळी खरा आला.

गावातनं फौजी निघालाय आणि पोलीस पाटील गप्प बसलाय, हे मला शोभलं नसतं. मी हलगी सांगितली, फेटा आणला, देवळाचा माइक पारावर लावला. सरपंच चार वाक्यं बोलून शहाण्यासारखे खाली बसले. मग मी उभा राहिलो.

सुरुवात चांगली केली हो. पण माणसाला जे येतं तेच त्याच्या तोंडातून निघतं. "अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचा हा मुलगा," म्हणालो. मग म्हणालो, त्याच्या जाण्यानं गावात पोकळी निर्माण होणार आहे. मग, त्याच्या पश्चात आई, पत्नी आणि दोन मुलं असा परिवार आहे. मी रंगात आलो की मला थांबवायला तहसीलदार लागतो. शेवटी, त्याच्या कुटुंबाला हे सहन करायचं बळ परमेश्वर देवो, असं म्हणून मी डोळे मिटले आणि म्हणालो, "आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू." आणि सगळं गाव उभं राहिलं. सवयच तशी. बायांनी डोक्यावर पदर घेतले, हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. ज्याला निरोप द्यायचा तोही गळ्यात हार, डोक्याला फेटा अशा थाटात मान खाली घालून सावधान उभा राहिला.

मला वाटलं, भाषण काळजाला भिडलं. पहिल्या ओळीत बसलेली त्याची माय तेवढी उठली नाही. गुडघे दुखत असतील म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग वाजतगाजत फाट्यावर जाऊन त्याला परभणीच्या एस.टी.त बसवून दिलं.

दोन-तीन दिवसांनी ठाण्यातून जमादाराचा फोन आला. "पाटील, तुमचा फौजी कुठं हाय?"

"देशसेवेला गेला साहेब. म्या सोता गाडीत बसिवला."

"मग उतरला कुठं? पलटणीत गेलाच न्हाई त्यो. तिकडून कागद आलाय."

मी गार पडलो. जमादार माणूस चांगला, त्यानं पलटणीतल्या सुभेदाराशी बोलून घेतलं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत पोरगा आपल्या पायानं हजर झाला तर थोडीबहुत शिक्षा होऊन कंपनीतल्या कंपनीत मिटेल. नाही झाला तर फरारी म्हणून नाव चढणार, वॉरंट निघणार, पुढं कोर्ट. "मंग मला बेड्या घालून गावातनं न्यावं लागंल त्याला," जमादार म्हणाला. "मला बरं वाटणार न्हाई. पण नेईन."

जिथं फेटा बांधला तिथूनच बेड्या घालून न्यायचा.

मी तपास सुरू केला. माझा तपास म्हणजे काय, हॉटेलात बसायचं, चहा मागवायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं. पाच कप चहा झाला, कुणी दाद देईना. चिडून घरी आलो तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "ताडकळसला बहिणीकडं हाय त्यो."

"तुला कसं म्हायीत?"

"सगळ्या गावाला म्हायीत हाय. पोलीस पाटलाला कोण सांगतंय."

मोटारसायकल काढली आणि थेट ताडकळस गाठलं. बाजाराचा दिवस, गर्दीतून वाट काढत बहिणीचं घर विचारलं. आता हा माळ्यावर लपला असेल, मागच्या दारानं पळेल, अशी मी सगळी तयारी मनात केली होती. पोरगा ओट्यावर बसून बहिणीचा पंखा दुरुस्त करत होता. मला बघून उठला आणि म्हणाला, "या काका. पाणी घेता?"

मी तडकलोच. देश, इज्जत, गावाचं नाक, जे सुचलं ते सगळं बोललो. त्यानं ऐकून घेतलं.

"म्या भ्यालो न्हाई काका," तो म्हणाला. "गाडी परभणीला पोचायच्या आत मायचा फोन आला. रडायली व्हती. म्हणली, पाटलानं माज्या लेकाला माज्या डोळ्यादेखत मातीला लावलं. सारं गाव दोन मिन्टं उभं राहिलं. आता म्होरं पाऊल टाकलंस तर तुला माजी शपथ हाय." तो पंख्याचं पातं पुसत राहिला. "मायची शपथ कशी मोडू? आन् एवढे हार घालून घेतल्यावर गावात तरी कोणत्या तोंडानं येऊ?"

माझे कान तापले. ते भाषण मी मनात पहिल्यापासून म्हणून बघितलं. मनमिळाऊ. पोकळी. पश्चात. परिवार. अरे देवा. शेजाऱ्याचा बैल सोडवायला जाऊन आपणच गोठ्याला आग लावावी, असली माझी कर्तबगारी. मी त्याची ट्रंक गाडीला बांधली आणि त्याला मागं बसवलं.

त्याची माय दारात बसली होती. लेकाला बघून तिचा जीव भांड्यात पडला, पण माझ्याकडं तिनं मान वळवली नाही. "या पाटील," म्हणाली. "आज कोण मेलं?"

मी हात जोडले. वॉरंटचं सांगितलं, बेड्यांचं सांगितलं, उद्याच्या संध्याकाळचं सांगितलं. आजची रात्रीची गाडी मिळाली तरच तो पोचेल, म्हणालो.

"मला कळतंय ते," ती म्हणाली. "पोटच्या लेकाला बेड्या पडाव्या आसं कोणत्या मायला वाटंल? पर तू बोललास ते तसंच ठिवून त्याला कसं लावून देऊ? जीव धडधडतो बाबा."

"मंग काय करू काकू? सांगा."

तिनं जरा विचार केला. "मेल्या माणसाला कोणी नावं ठिवत न्हाई. जित्याला ठिवतेत. त्याच पारावर, त्याच माइकवर उभा राहा, आन् माज्या लेकाला नावं ठिव."

दिवस कलायच्या आत पारावर पुन्हा गाव जमलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मी माइक हातात घेतला आणि घाम फुटला. निंदा पाठीमागं करायची सवय, माइकवर कधी केली नव्हती.

"हा मुलगा," मी म्हणालो, "मनमिळाऊ बिलकूल नाही." मी घाम पुसला. "पेरणीला माझी मोटार भरायला नेली, ती काढणीला दिली. ती पण उलटी फिरत होती. विचारलं तर म्हणतो, काका, विहिरीतच काहीतरी बिघाड असंल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मागून आवाज आला, याला उसना दिलेला फवारणीचा पंप अजून आला नाही. मग त्याच्या वर्गातला एक जण उठला. शाळेची सहल चारठाण्याला देवळं बघायला गेली होती तेव्हा गुरुजींचा डबा कुणी संपवला, ते त्यानं एवढ्या वर्षांनी जाहीर केलं. गुरुजी पहिल्या ओळीतच होते. एकेक जण उठायला लागला, माझ्याकडं माइक राहिलाच नाही. शेवटी त्याची बायको पदराआडून हळूच म्हणाली, "घोरतेत," आणि सगळा पार हसून लोळला.

पोरगा लाल झाला. "आरं, म्या हितंच उभा हाय ना," म्हणाला.

"हायस ना?" त्याची माय म्हणाली. "उभा हायस ना? मंग बास." गुडघ्यावर हात देत उठली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुटली शपथ. जा."

जमादार म्हणाला होता, या वेळेला पलटणीपर्यंत संगं जा. मी फाट्यापर्यंतच गेलो, शपथ सुटल्यावर राखण कशाला? फेटा नाही, हार नाही, भाषण तर नाहीच. गाडी आली, पोरगा चढला, मी ट्रंक वर दिली. माझ्या उलट्या फिरणाऱ्या मोटारीचं काय, एवढंच मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमादाराचा फोन आला. हजर झाला. शिक्षा झाली थोडी, ती कंपनीतच झाली. वॉरंट नाही, काही नाही. मी तसाच उठून त्याच्या मायला सांगायला गेलो. ती सुपात तुरीची डाळ निवडत होती. ऐकलं, बरं झालं म्हणाली, आणि निवडत राहिली.

मी निघणार, तेवढ्यात वर न बघता तिनं विचारलं, "यील ना रं त्यो?"

अशा वेळी म्हणायची वाक्यं माझ्याकडं ढीगभर आहेत. देव आहे, देश आहे, धीर धरा. एकही तोंडात येईना.

"मला न्हाई म्हायीत काकू," मी म्हणालो. "मला बी लय भ्या वाटायलंय."

तिनं मान वर केली. "मंग हेच बोलायचं व्हतंस त्या दिशी," ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडं जरा सरकवलं. मी खाली बसलो आणि तिच्यासोबत खडे वेचायला लागलो.