पन्हाळ्याच्या वाटेवर दोन जीपीएस आणि आमचे हे

लायसन्स काढून आठ वर्षं झाली, पण हे शेजारी नसताना मी गाडी कधी चालवली नव्हती. आता माझी बदली पन्हाळ्यापलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेत झाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. "एकटी जाणार," असं मी जाहीर केलं आणि घरात शोककळा पसरली. शेवटी ह्यांनी तोडगा काढला, गाडीत जीपीएस बसवायचं. नकाशा फोनमध्येही असतो, पण दर दहा मिनिटांनी ह्यांचाच "कुठं पोचलीस?" असा फोन येणार आणि नकाशा गायब होणार. शिवाय त्या खोऱ्यात रेंज नाही.

शाहूपुरीतला दुकानदार ह्यांचा जुना विद्यार्थी. "सर, दोन्ही घेऊन जावा. रविवारी फिरवा, पटंल ते ठेवा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, हे मोठं लई बोलतंय. ल्हान हाय ते वळायच्या वेळंलाच तोंड उघडतंय."

रविवारी सकाळी सातला निघालो. चाचणीसाठी ह्यांनी पन्हाळाच निवडला, कारण तो रस्ता त्यांना पाठ आहे. बावीस किलोमीटर, चुकायला वावच नाही. जीपीएसला रस्ता येतो का, हे बघायचंच नव्हतं. ह्यांना जास्त येतो, हे सिद्ध करायचं होतं.

केर्लीच्या अलीकडे ह्यांनी मला आडवाटेला घातलं. मोठं जीपीएस ओरडलं, "मागे वळा."

"तुला काय कळतंय? कॉलेजात असताना आम्ही इथनंच सायकलनं गेलतो!" हे त्याच्यावर खेकसले.

वाट उसाच्या फडात संपली. बांधावर बसलेल्या मावशी म्हणाल्या, "पावणं, फुडं गाडी न्हाय जात."

"पूर्वी रस्ता होता की इथं!"

"व्हता की. माझ्या लग्नाआदी."

ह्यांनी दोन्ही जीपीएसना नापास केलं. वाघबिळाच्या फाट्यावर तिघांनी एकदम सूचना दिल्या आणि माझी गाडी बंद पडली. मागचा जीपवाला ओरडला, "वैनी, ठरवा की एकदा!"

पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी, ठेचा आणि दही. दोघांचं तीनशे रुपयांत पोटभर झालं. हात धुऊन मी म्हणाले, "तुम्ही इथंच बसा. मी शाळा बघून येते."

"एकटी?"

"उद्या तरी कोण असणार आहे?"

मी निघाले आणि मोठं जीपीएस बंद करून टाकलं.

घाट उतरताना एक वळण चुकलं. बोलणी बसणार म्हणून खांदे आपोआप आखडले. लहान जीपीएस क्षणभर थांबलं आणि त्याच आवाजात दुसरा रस्ता सांगू लागलं. मी गाडी कडेला घेतली आणि जरा रडले. आठ वर्षं मी रस्ता बघून गाडी चालवतच नव्हते, ह्यांचा चेहरा बघून चालवत होते.

शाळेला कुलूप होतं, व्हरांड्यात कोंबड्या. तेवढं बघून परतले. हे पार्किंगच्या तोंडाशीच उभे होते.

"चुकलीस?"

"एकदा."

"मग?"

"मग पोचले."

घरी आल्यावर लहान जीपीएस ठेवून घेतलं. निवडणाऱ्यांना एकच सांगेन, पडदा केवढा आहे ते बघू नका. मुद्दाम चुका, आणि ते काय करतं ते बघा.

सोमवारी ह्यांनी काच पुसली, टायर दाबून बघितले. मी चालकाच्या जागी बसले. सवयीनं ह्यांनी डावीकडचं दार उघडलं, तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग माझा डबा सीटवर ठेवला आणि दार हळूच लावून घेतलं.