उतरता खांदा

नाटक-सिनेमाचे कपडे शिवण्यात टेलरताईची बावीस वर्षं गेली. या वेळचा सिनेमा एका शास्त्रज्ञाच्या आयुष्यावर होता. त्याचं शरीर स्नायूस्नायूने गळत जातं, डोकं मात्र शाबूत राहतं. एकाच पांढऱ्या शर्टाचे पाच नग शिवायचे होते. नट काही रोडावणार नव्हता, म्हणून शर्टच दरवेळी थोडा मोठा कापायचा. मान कॉलरीत हरवली की बघणाऱ्याला आजार दिसतो.

"हे तुला कसं गं सुचलं?" कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं.

"घरी रोज बघते की."

घरी नवरा होता. नकाशे काढायचा. चार वर्षांपूर्वी बोटांतून पेन्सिल निसटू लागली, आणि आता तो चाकाच्या खुर्चीत बसून असे. जिभेला मात्र काही झालं नव्हतं.

"शास्त्रज्ञाला पाच शर्ट आणि नवऱ्याला एक नाही," तो म्हणायचा. "पहिल्या खेळाला मला नेणार ना? मग अंगाला बसेल असा एक शीव."

"बघू."

हे 'बघू' गेले दोन महिने चाललं होतं. आजार आल्यापासून तिने त्याच्या अंगाला टेप लावलीच नव्हती. जुने शर्ट अंदाजाने आत घ्यायची. मापांच्या वहीत त्याची छाती अजून बेचाळीस होती. नवा आकडा लिहायचा तर जुना खोडावा लागला असता.

पाचांपैकी धडधाकट दिवसांचा शर्ट तिने सगळ्यात शेवटी शिवला. नटाने तो घातला आणि आरशात बघत राहिला.

"ताई, मी एका बाजूला कललोय का?"

कपडेपटाच्या बाईंनी टेप लावली. "उजवा खांदा अर्धा इंच खाली. छाती चार इंच जास्त. अगं, कुणाच्या मापाने कापलास?"

वर्षानुवर्षं नकाशाच्या फळ्यावर वाकून टेलरताईच्या नवऱ्याचा उजवा खांदा उतरला होता. तिने वही उघडलीच नव्हती. कात्री आपली आपण चालली होती.

"वहीतलं पान चुकलं," ती म्हणाली, आणि दुसरा कापायला बसली.

चुकलेला शर्ट तिने घरी आणला. लपवणारच होती, पण त्याने पाहिला.

"हा माझा."

"तुमचा कसला? सिनेमाचा आहे."

"मग त्या शास्त्रज्ञाचाही खांदा उतरलाय वाटतं! घाल मला."

तिने घातला. एकेक हात बाहीतून ओढून घेतला, बटणं लावली. कापड दोन्हीकडून ओघळलं.

"आत अजून एक माणूस मावेल," तो हसला.

"त्यालाच शोधतेय मी."

बोलून गेली आणि तिलाच धक्का बसला.

"तो यायचा नाही गं," नवरा म्हणाला. "मी आहे. माझं माप घे."

तिने शर्ट काढला. खुर्चीसमोर गुडघे टेकून टेप त्याच्या पाठीमागून फिरवली.

"छत्तीस."

"ढील सोडलीस. घट्ट धर."

तिने टेप ओढली. बरगड्या हाताला लागल्या.

"तेहेतीस," ती म्हणाली.

"तेहेतीस," त्याने म्हणून पाहिलं. "लिही."

तिने लगेच लिहिलं नाही. आकडा मिळाला होता, तरी तिचे हात त्याच्याभोवतीच राहिले.