सासूबाईंचा प्रिंटर आणि जावयाचं 'हो'

चूक जावयाची होती, आणि ती त्याने सासूबाईंच्या डोळ्यांदेखत केली. संगणकावर चौकट उघडली, 'प्रिंटर अद्ययावत करायचा का?' त्याने वाचलं न वाचलं आणि रुबाबात 'हो' दाबलं. या घरात आपल्यालाही काही कळतं हे दाखवायची त्याला भारी हौस. प्रिंटर दहा मिनिटं घरघरला आणि पडद्यावर लिहून मोकळा झाला: काळी कार्ट्रिज कंपनीची नाही, छापणार नाही.

"काल तर छापत होता," सासूबाई म्हणाल्या.

"आई, काल त्याला कळलं नव्हतं."

"आज तुम्ही कळवलंत."

सासूबाईंचा जन्म शिवणाच्या मशीनवर गेला. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले. जड कात्री टेबलावर टेकवून अजून सरळ चालायची, पण खडूची रेघ काही केल्या सरळ येईना. दुसरी कोणी मशीन झाकून बसली असती. यांनी लेकीला कामाला लावून सगळे खाके संगणकात भरले. रेघा प्रिंटरने मारायच्या, कापायचं यांनी. एका कोटाची पाठ सहा कागदांवर यायची, ते डिंकाने जोडायचे. शाई भराभर संपायची आणि नव्या कार्ट्रिजांचा संच प्रिंटरपेक्षा महाग. तेव्हा बाई साधी कार्ट्रिज आणून तिच्यात सिरिंजने शाई भरायला शिकल्या. आता तीच चालेना, आणि दवाखान्याचे अकरा पांढरे कोट परवा द्यायचे.

"आई, पुरे आता," लेक म्हणाली. "प्रिंटरसुद्धा दमला बघ."

हे मात्र झोंबलं. बाईंनी चपला घातल्या. "जावईबापू, चला. खोड तुम्ही काढलीत, पिशवी तुम्ही धरा."

प्रिंटरचा दुकानदार गोड बोलणारा. "काकू, नवा संच घ्या. नाहीतर नवा प्रिंटरच घ्या ना, थोडी शाई आतच येते."

"आणि हा?"

"टाकून द्यायचा."

"चालणारा?"

"चालतो कुठे?"

"चालतो. नाही म्हणतो, एवढंच."

बोलता बोलता बाईंची नजर काउंटरखालच्या खोक्यावर गेली. त्यात कंपनीच्याच रिकाम्या कार्ट्रिजा होत्या. त्यांनी आपल्या प्रिंटरची काळी हुडकली आणि चष्म्याशी धरली. कडेला नखाएवढा तांबूस तुकडा चिकटवलेला होता. प्रिंटरबरोबर आलेली बाईंची अशीच एक लेकीने आवराआवरीत कधीच फेकली होती.

"यंत्र हाच तुकडा वाचतं ना?"

"वाचतं, चिप आहे ती," दुकानदार चाचरला. "पण असं कोणी करत नाही, काकू."

"ही देता का?"

तो हसला. "न्या. बदल्यात माझ्या जॅकेटला चेन लावून द्या."

घरी आल्यावर बाईंनी टाके उसवायचं हत्यार जावयाच्या हाती दिलं. त्याने ते परत पुढे केलं.

"आई, तुम्हीच करा ना."

"माझे हात हलतात, तुमची नुसती अक्कल हलते. धरा. खरवडू नका, टाका उसवतो तसं अलगद."

"मी टाका कधी उसवलेला नाही."

"दिसतंच आहे. आणि श्वास घ्या, प्रिंटरला ऐकू येत नाही."

तुकडा सुटला. बाईंच्या भरलेल्या कार्ट्रिजवर तो गोंदाच्या थेंबाने बसला. प्रिंटर पुन्हा घरघरला, थांबला, आणि आता म्हणाला: शाई संपलेली आहे.

जावयाचं तोंड उतरलं. "हा तुकडा रिकाम्या कार्ट्रिजचा ना. त्याला तेच ठाऊक."

"मग वाटू दे त्याला तसं. खाली 'तरीही पुढे जा' लिहिलंय, ते दाबा."

दाबलं. काळीभोर, ताठ रेघ कागदावरून सरकत बाहेर आली. बाईंनी तिच्यावर पट्टी ठेवून पाहिली. लेक दारातून बघत होती. तिने मुकाट्याने डिंकाची बाटली उघडली.

तिसऱ्या कोटाच्या बाहीला पुन्हा चौकट आली, 'अद्ययावत करायचा का?' जावयाचा हात सवयीने पुढे गेला. त्यावर बाईंच्या बोटातलं अंगुस्तान टकदिशी आपटलं. बाईंनी स्वतः 'नाही' दाबलं, वर इंटरनेटची वायर उपटून जावयाच्या खिशात घातली.

"सांभाळा. मागितल्याशिवाय द्यायची नाही."

कोट वेळेवर गेले, अकराच्या अकरा. पाठोपाठ दवाखान्याने आणखी सहा सांगितले.

दुकानदाराने धाडलेलं जॅकेट मात्र बाईंच्या भिंतीवर अजून खिळ्यालाच आहे. तो जावयाला रस्त्यात गाठून विचारतो, "माझ्या चेनचं काय झालं?"

"त्याला म्हणावं, विसरले नाही," बाई मशीनवरून मान वर न करता सांगतात. "लावून देते. पण आधी ते रिकाम्या कार्ट्रिजांचं खोकं इकडे पाठव म्हणावं, सगळंच्या सगळं."