वळणावरचे दोन हॉर्न

घरातले सगळे झोपले की रस्त्याचा आवाज मोठा होतो. दिवसा तो भांड्यांत, टीव्हीत, मुलीच्या बडबडीत मिसळून जातो. आता मात्र गल्लीच्या तोंडाशी गाडी शिरली की ती कुठवर आली ते मला बसल्या जागी कळतं. औषधाचं दुकान, लाँड्री, मग वळण. वळणावर ती दोनदा हॉर्न देते आणि मी लिहायची थांबते. समोरच्या फाटकाची कडी वाजते की काय, म्हणून.

समोर मास्तर राहतात. शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. शहरातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलं असेल. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मलाही त्यांनीच शिकवलं. "गिअर म्हणजे रुसलेली सून," ते म्हणायचे. "ओढून येत नाही, समजूत काढावी लागते." माझ्या सासूबाई गच्चीतून हे ऐकत आणि म्हणत, मास्तरांना मूलबाळ नाही, सून नाही, म्हणून सुचतंय हे.

शिकवणीसाठी त्यांनी आमचीच गल्ली धरली होती, कारण तेव्हा ती मोकळी असे. एका मोठ्या रस्त्यावरून आत शिरायचं, अरुंद गल्लीतून गाडी काढायची आणि पलीकडच्या मोठ्या रस्त्याला लागायचं. मधे बरोबर मास्तरांच्या घरापाशी आंधळं वळण. तिथे प्रत्येकाला एकच धडा मिळे: सेकंड गिअर टाका, दोनदा हॉर्न द्या, मग वळा. हॉर्न ऐकला की काकू, म्हणजे मास्तरांची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन फाटकाबाहेर येत. बोलून बोलून मास्तरांचा घसा कोरडा पडलेला असे. गाडी रस्त्यातच थांबे, मास्तर खिडकीतून हात काढून तांब्या घेत, आणि शिकणाऱ्यालाही दोन घोट मिळत. चाळीस वर्षांच्या संसारात त्या दोघांचं दिवसभरात जे काही बोलणं होई, ते बहुतेक या खिडकीतूनच.

मग मोठ्या रस्त्यावर सिग्नल बसला, गाड्या तुंबायला लागल्या, आणि आतून एक रस्ता आहे हे लोकांना आठवलं. कोणाला आठवलं? जे तिथे गाडी शिकले होते त्यांना. एकाने दुसऱ्याला सांगितलं, पुढचं काम मोबाइलने केलं. बघता बघता आमची गल्ली म्हणजे मोकाट सुटलेल्यांची आडवाट झाली. जुनी सवय मात्र मोडली नाही. वळणावर दोनदा हॉर्न सगळे देतात. सेकंड टाकायचं तेवढं विसरले.

आधी लाँड्रीवाल्याचं मांजर गेलं. मग पेपरवाल्याचा पाय मोडला. आम्ही सह्या गोळा करून अर्ज दिला. एक साहेब येऊन वळण पाहून गेले, गतिरोधकाचं बघू म्हणाले. अजून बघतायत.

त्याच सुमारास काकू विसरायला लागल्या. आधी नावं, मग माणसं, शेवटी खुद्द मास्तर. दोन हॉर्न तेवढे डोक्यात राहिले. ते वाजले की त्या हातातलं टाकून उठत, तांब्या भरत आणि फाटक उघडून थेट रस्त्यात उतरत, कारण शिकवणीची गाडी तिथेच थांबायची. मास्तर मागून धावत. अगं, मी आलोय, हा बघ घरातच आहे, असं परोपरीने सांगत. काकू हळूच हात सोडवून घेत.

"तुम्ही बसा हं, आजोबा," त्या म्हणत. "मास्तर येतीलच एवढ्यात."



मास्तरांनी फाटकाला कुलूप घालून पाहिलं. बाहेर हॉर्न वाजत राहिले आणि आत काकू गज धरून रडत राहिल्या, मास्तर तहानलेले पुढे गेले म्हणून. तिन्हीसांजेला मास्तरांनी कुलूप काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर लाल रंगाने पाटी रंगवली, 'हॉर्न वाजवू नका', आणि तिच्याखाली स्वतः हात जोडून उभे राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी लगेच ऐकलं. उरलेले त्यांचं बघून गप्प झाले. काही दिवसांत गल्ली मुकी झाली.

लोकांना बरं वाटलं. मला नाही. गाड्या तेवढ्याच होत्या, तेवढ्याच जोरात येत होत्या, फक्त आता सावलीसारख्या अंगावर यायच्या. माझी मुलगी सात वर्षांची. शाळेच्या बससाठी तिला वळणावरूनच पलीकडे जावं लागतं. तिथून पलीकडचं काही दिसत नाही. रस्ता ओलांडायला मी तिला डोळ्यांनी नव्हे, कानांनी शिकवलं होतं.

मी मास्तरांकडे गेले. ते काकूंची वेणी घालत होते.

"पाटी काढा, मास्तर," मी म्हणाले. "माझी पोर तिथून ओलांडते."

"थांब म्हटलं की थांबते ना ती?"

"लहान आहे हो. कधी थांबते, कधी नाही."

"माझी कधीच थांबत नाही," ते म्हणाले, आणि वेणीचा पेड सुटला होता तो पुन्हा घालायला लागले.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, तुम्ही दोघंही बरोबर आहात, तीच तर पंचाईत आहे. मी रोज मुलीचा हात इतका घट्ट धरायला लागले की ती कुरकुरायची.

एके सकाळी तिने तो हात झटकला. बस आलेली दिसली आणि ती सुटली. वळणातून गाडी आली, तिचा आरसा मुलीच्या दप्तराला लागला, आणि मुलगी गर्रकन फिरून रस्त्यात बसली. रडली नाही. मी तिला उचललं, हात-पाय चाचपले. कुठे खरचटलंही नव्हतं. गाडीतून एक बाई उतरली, पांढरीफटक पडलेली. ती माझ्याकडे आलीच नाही. पाटीखाली उभ्या असलेल्या मास्तरांकडे गेली.

"मास्तर, मी हॉर्न देणारच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही नको म्हणालात ना."

मास्तर पाटीकडे वळले. बस निघायच्या आत त्यांनी पाटी उपटली होती.

त्या दिवशी पुन्हा हॉर्न सुरू झाले. मला हायसं वाटायला हवं होतं. पण पहिला हॉर्न वाजला, समोर तांब्या भरल्याचा आवाज आला, आणि मी खिडकीशी धावले. एकीला वाचवायचं तर ते दुसरीच्या जिवावर बेतत होतं, आणि मधे एक म्हातारा माणूस.

दुपारी मास्तरांनी अंगणातल्या जुन्या गाडीवरचं कापड काढलं. शिकवणी बंद झाल्यापासून ती तशीच पडून होती. मेकॅनिक आला, दोन दिवस खपला. तिसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या वेळेला, मास्तर गल्लीत गाडी घेऊन उतरले आणि माणसाच्या चालीने या टोकाकडून त्या टोकाला निघाले. शेजारी, आयुष्यभर त्यांनी ज्या जागी बसून शिकवलं त्या सीटवर, काकू. गाडीतच असल्या तर फाटकाबाहेर धावणार कशा? मागे ही रांग. ओव्हरटेक करायला जागा नाही. कोणी शिव्या दिल्या, कोणी दिवे मारले. एक तरुण तावातावाने उतरून खिडकीपाशी गेला आणि ओशाळला. "मास्तर, तुम्ही?"

"शिकवणी चालू आहे," मास्तर म्हणाले. "मागे थांब."

आता सकाळी शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळेला त्यांच्या फेऱ्या असतात. उरलेला दिवस, आणि रात्र, पूर्वीसारखीच आहे. रात्री मास्तर दाराला खाट आडवी लावून झोपतात. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. परवा मला म्हणाले, झोप लागली तर हिची भीती, नाही लागली तर सकाळी गाडी चालवायची भीती. हसत म्हणाले. मला हसता आलं नाही.

आज सकाळी मी मुलीला घेऊन वळणावर उभी होते. मास्तरांची गाडी आली, काचा खाली. इतकी हळू की आतलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"या वयात शिकायला आलात, कौतुक आहे हो," काकू सांगत होत्या. "घाबरू नका. मास्तर ओरडतात, पण मनात काही ठेवत नाहीत."

"हो, बाई," मास्तर म्हणाले.

मागच्या कोणीतरी हॉर्न दिला. काकूंचा हात दाराकडे गेला, पण मास्तरांचा हात आधीच कडीवर होता. मग काकूंची नजर आमच्याकडे वळली. शिकवणीच्या गाडीत त्या सीटपुढे, पायाशीही एक ब्रेक असतो. काकूंनी त्यावर पाय दिला. गाडी जागच्या जागी थांबली, आणि मागची सगळी रांग थांबली.

"आधी पोरीला जाऊ द्या," त्या मास्तरांना म्हणाल्या. "इथे माणसं राहतात."

मुलगी पळत पलीकडे गेली, बसमध्ये चढली, बस सुटली. काकूंनी पाय काढला नव्हता. मागे कोणी हॉर्न देत नव्हतं. मास्तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, पहिल्याच दिवशी आलेल्या शिकाऊ माणसासारखे ताठ बसले होते, समोर बघत, त्या पाय कधी उचलतात याची वाट पाहत.