गुलालाखालचा पत्रा

माजलगावच्या धरणाकाठी मोहनरावांचा ऊस आहे. उसाच्या कडेला पत्र्याचं शेड आणि शेडात मोहनरावांची जुनी जीप. उघडी, उंच, चारही चाकं ओढणारी. जिथं बैलगाडी रुतते तिथून ती निघून येते. मोहनरावांना सगळे अण्णा म्हणत. लोकांचं बोलणं असं, अण्णांची जीप आणि अण्णांचं राजकारण, दोन्ही चिखलात अडकत नाहीत. राजकारणाचं काय ते अण्णांना आणि देवाला ठाऊक. जीपचं मात्र खात्रीनं सांगतो, ती टिकली होती ड्रायव्हर अंगदमुळं.

गंज आणि अंगद यांचं हाडवैर. उसातून गाडी आली की बाकीची मंडळी चहाला जात आणि अंगद गाडीखाली जाई. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, खाचांत बसलेला चिखल पाण्याच्या माऱ्यानं काढी. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती सायकलच्या स्पोकनं मोकळी करी. मग गाडी उन्हात. कुठं तांबूस ठिपका दिसला की तारेचा ब्रश, त्यावर गंज धरू न देणारा लाल रेडऑक्साइड, त्यावर काळा रंग. पावसाळ्याआधी सगळ्या बुडाला जळकं ऑइल चोपडायचं, ब्रेक तेवढे सांभाळून. आणि एक गोष्ट तो कधीच करत नसे, ओल्या गाडीवर ताडपत्री टाकत नसे. उघड्यावर भिजलेली गाडी वाळते, पण ताडपत्रीखाली कोंडलेली ओल पत्रा चाटूनपुसून खाते, हे त्याचं म्हणणं. शेजारच्या वस्तीवरचे लोक हसायचे, म्हणायचे, "बायकोला एवढं जपलं असतं तर बे!"

ते हसणं उगीच नव्हतं, पण त्याकडं नंतर येऊ.

आधी गुलालाचं सांगितलं पाहिजे. मोहनराव पहिली निवडणूक जिंकले ते याच जीपवर उभं राहून मिरवले. तेव्हापासून त्यांचा नियमच पडला, विजयाचा गुलाल गाडीवरून धुवायचा नाही. आपोआप जाईल तेव्हा जाईल, धुतला की लक्ष्मी निघून जाते. आता गुलाल पत्र्याच्या सांध्यांत बसतो, ओल धरून ठेवतो आणि खालून पत्रा पोखरतो, हे अण्णांना कोण सांगणार? अंगदनं सांगितलं नाही. तो प्रत्येक मिरवणुकीनंतर गुपचूप सगळी गाडी धुई, सुकवी, ऑइलचा हात फिरवी आणि वरून मूठभर ताजा गुलाल भुरभुरवी. अण्णा यायचे, लाल रंग बघायचे आणि खूश होऊन जायचे. अंगदनं तोवरच्या आयुष्यात लबाडी केली असेल तर एवढीच.

त्याच पहिल्या विजयानंतर सगळा लवाजमा दर्शनाला धर्मापुरीच्या जुन्या देवळात गेला होता. अंगद तेव्हा पोरसवदा. गळ्यात अण्णांच्याच हातचा हार पडलेला, चारचौघांत कौतुक झालेलं. गडी फुगला आणि देवासमोर शपथेचा बेलभंडारा उचलून मोकळा झाला, "ही गाडी चालती हाय तवर स्टेरिंग सोडणार न्हाई." कुणी मागितलं नव्हतं. आपला धोंडा, आपलाच पाय.

पुढं लग्न झालं ते त्या जीपच्या सवडीनं. वनमाला शेडाशेजारच्या दोन खोल्यांत नांदायला आली. मुलगी धनश्री जन्मली तेव्हा अंगद अण्णांना घेऊन प्रचारात होता. वनमालानं कधी फार त्रागा केला नाही, पण बोलायची संधीही सोडली नाही. "गाडीचा गंज काढता, कवा घराकडं बी बघा," म्हणायची आणि भाकरी वाढायची.

धनश्री शिकली, अंबाजोगाईच्या दवाखान्यात नर्स झाली. तिथंच तिचं लग्न, तिथंच घर. तिला मुलगी झाली, आरोही. धनश्रीची ड्यूटी कधी दिवसा तर कधी रात्री, म्हणून लेकराला सांभाळायला वनमाला अंबाजोगाईला गेली आणि तिथलीच झाली. धनश्रीनं बापासाठीसुद्धा एक खोली रिकामी ठेवली. खोलीत खाट टाकली, भिंतीला खुंटी ठोकली. "पप्पा, आता बास झालं. या."

अंगदला जायचं होतं. हे सरळच सांगतो, त्याला फार जायचं होतं. एकट्यानं पिठलं शिजवून, एकट्यानं ताट धुऊन माणूस आतून वाळत जातो. नातीला त्यानं जास्त करून फोनच्या काचेतच पाहिलं होतं. अंबाजोगाईला गेला तरी दुपारी अण्णांचा फोन यायचा, आणि संध्याकाळच्या एसटीनं स्वारी परत.

एकदा धीर करून त्यानं विषय काढला. मोहनराव ओट्यावर पान लावत बसले होते.

"अण्णा, आता मला मोकळं करा. नव्या गाड्यांला दुसरे ड्रायव्हर हायतच की."

मोहनराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "आरं अंगद, मी कुटं बांधून ठिवलंय तुला? जा की. फकस्त देवाला काय सांगायचं ते तू सांग. बेलभंडारा मी न्हाई उचलला."

एवढं बोलून त्यांनी त्यालाही एक पान लावून दिलं. अंगदनं ते खाल्लं. दुसरं काय करणार?

त्यानं हे सगळं वनमालाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुमी देवाला काय बोल्लात? गाडी चालती हाय तवर. आसंच ना?"

"व्हय."

"मग न चालू द्या. मोडू नका, पाप लागंल. फकस्त राखू नका. बाकीचं पानी बघून घेतंय."

अंगदला हे पटेना. पण यात दिलेला शब्द मोडत नव्हता. त्यात त्याच साली अण्णा पुन्हा निवडून आले, पुन्हा मिरवणूक निघाली, जीप बॉनेटपासून टायरापर्यंत लाल झाली. शेडात आल्यावर अंगद पाण्याचा पाइप हातात घेऊन उभा राहिला आणि त्यानं तो खाली ठेवला. मालकाचा हुकूम होता, गुलाल धुवायचा नाही. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा तो तंतोतंत पाळला.

पावसाळ्यात शेडाचा पत्रा गळू लागला. अण्णा म्हणाले, "ताडपत्री टाक बे तिच्यावर, भिजती." अंगदनं टाकली. चिखलातून आलेल्या ओल्या गाडीवर टाकली, दोरीनं चारी बाजूंनी आवळली आणि दोन गाठी मारल्या. अण्णांनी पाठ थोपटली, "लई जपतोस रे गाडीला."

तो पावसाळा गेला. गाडी चालतच होती, काम पडलं की ताडपत्री काढायची, परत आल्यावर तशीच चिखलासकट झाकायची. हिवाळ्यात सायलेन्सर तुटून पडला, तो बदलला. उन्हाळ्यात मागचं दार बिजागरीतून निसटलं. अण्णा म्हणाले, म्हातारी झाली. अंगद मान हलवायचा. वनमाला फोनवर विचारायची, "कुटवर आलं?" आणि तो सांगायचा, "आलं, आलं. यंदाचा पावसाळा काढंल, म्होरला न्हाई." आरोही चालायला लागली, बोलायला लागली. अंबाजोगाईच्या खोलीतल्या खुंटीवर अजून कुणाची टोपी लागली नव्हती.

दुसरा पावसाळा सरता सरता एका सकाळी ऊन पडलं. गाडीला काम नव्हतं, अण्णा परगावी गेले होते. अंगदनं गाठी सोडून ताडपत्री ओढली. आतून वाफ आली आणि कुबट वास आला. ड्रायव्हरच्या सीटपुढच्या पत्र्यावर गुलाल काळपट होऊन फुगला होता. त्यानं अंगठा टेकवला. अंगठा आरपार गेला, आणि खालची जमीन दिसली.

त्याला आनंद झाला. खरंच झाला, शेडात एकटाच हसला तो. आता चॅसी बघायची. ती गेली की संपलं, मग कुठलाच मिस्त्री गाडीला हात लावणार नाही. तो पोतं अंथरून गाडीखाली सरकला आणि हातोडीनं ठोकत गेला. पुढं खणखणीत आवाज आला, मधेही आला. मागच्या स्प्रिंगपाशी मात्र भदभद वाजलं आणि तांबड्या पापुद्र्याचा चुरा तोंडावर पडला. एवढीच जागा होती. अजून एक पावसाळा गेला असता तर तिथून चॅसी तुटली असती. आज धरली तर वाचणार होती.

नुसतं बघू म्हणून त्यानं पापुद्रा खरवडला. गंज किती खोल गेलाय ते कळायला नको? त्यासाठी तारेचा ब्रश आणावा लागला. ब्रशानं घासताना आत चांगला पत्रा लागला, पांढरा, चमकणारा. तो बघून अंगदचा ऊर भरून आला आणि त्याला स्वतःचाच संताप आला. पण हात थांबेनात. त्या जागेशेजारची जागा घासली, मग तिच्या शेजारची. खाचांतला गुलाल स्पोकनं टोकरून काढला. पाइप लावला तेव्हा लाल पाणी शेडाबाहेर ओहळासारखं वाहिलं. दुपारपर्यंत गाडी उन्हात उभी होती आणि कोनाड्यातला रेडऑक्साइडचा जुना डबा उघडून अंगद त्यावरची साय काडीनं काढत होता. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, दुसरं काय म्हणायचं?

रंगाचा पहिला हात मारून होतोय तोच फोन वाजला. वनमाला म्हणाली, "आज उघडून बघनार हुता ना? काय झालं?"

अंगदनं गाडीकडं पाहिलं. मागच्या स्प्रिंगपाशी ताजा लाल रंग चढला होता. उद्या त्यावर काळा चढणार होता, परवा जळकं ऑइल. सीटपुढच्या भोकावर पत्र्याचा तुकडा बसला की झालं. गाडी आणखी पाच-दहा वर्षं सहज काढणार होती.

"बोला की. आवं, काय निगालं आतून?"

मग तिकडून फोन लेकराच्या हातात गेला असावा. घरात रोज आजीचं बोलणं ऐकून आरोहीला एकच प्रश्न पाठ झाला होता, तो तिनं विचारला.

"आजोबा, गाडी मेली का? तुमी येनार?"

अंगदनं ब्रश डब्यात उभा केला. हाताला लागलेला रंग धोतराला पुसला, तरी गेला नाही.

"न्हाई बाळा," तो म्हणाला. "आजून जित्ती हाय."