साफ फ्रेम

"फ्रेममधून सरका हो, फ्रेम साफ पायजे!" असं म्हणताना त्याचे दोन्ही हात पुढे जायचे, अंगणातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसे. बोरीच्या आसपास लग्नाचं शूटिंग म्हणजे तोच. असा एखादा तुमच्याही तालुक्यात असेल. एका लग्नात त्यानं नवरीच्या बापालाच इतक्यांदा बाजूला सारलं की अख्ख्या अल्बममध्ये बाप कुठंच नाही. बापानं विचारलं तर म्हणाला, "काका, तुमचा सदरा मळका हुता. बघा की, फोटो कसे लय साफ आलेत!" आम्ही पोट धरून हसलो. बाप हसला नाही.

पुढं वरातीसाठी त्यानं छोटा ड्रोन घेतला आणि वरातीवरून तो शेतांवर आला. ट्रॅक्टरनं पाळी घालावी तसा या बांधापासून त्या बांधापर्यंत ड्रोन फिरवायचा, फोटो काढायचा, आणि माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते जोडून एकच मोठा नकाशा करायचा. मोजणीची वाट बघून कंटाळलेले लोक त्याच्या मागं लागले. गडी जमिनीवर राहीना.

त्याच्या बौद्धवाड्यातली घरं दोन पिढ्यांपासून गायरान कसत होती. त्याची आईसुद्धा. जमीन नावावर व्हायची तर आपण ती कसतो हे दाखवायला हवं होतं. "अर्जाला माझा नकाशाच जोडू," तो म्हणाला. आयाबाया कौतुकानं त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

ड्रोन उडवायच्या दिवशी हा सकाळीच गायरानभर हात हलवत फिरला. "कडब्याच्या गंजी हलवा. पऱ्हाट्या उचला. जनावरं नाल्यात न्या. हे छप्पर कशाला मधी? उतरवा ते." माणसं मुकाट राबली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आरं, आमी तरी थांबावं का?"

"कोणीच नको, आबा. घाण दिसतंय."

नकाशा देखणा आला. तहसीलातल्या साहेबांनी तो टेबलावर पसरला आणि म्हणाले, "यात तर कोणी कसताना दिसत नाही. रान मोकळंच आहे."

"साहेब, ते आमीच साफ केलतं..."

साहेबांना हसू आवरेना. पुरावा अर्जदारांनीच जोडला होता.

गायरान सौर प्लेटांसाठी गेलं. तारेचं कुंपण पडलं. प्लेटा बसवणाऱ्यांनी आखणीला त्याचाच नकाशा घेतला, वर कामाची तारीफ केली. वाड्यानं त्याला मारलं नाही. मारलं असतं तर तो सुटला असता. वाड्यातल्या लग्नांना पिंगळीचा फोटोवाला यायला लागला, एवढंच.

एक दिवस ड्रोन माझ्या काउंटरवर ठेवून तो पुण्याकडं गेला, आईलाही न सांगता. मला त्याचा राग येतो, आणि त्याच्यावाचून दुकानात करमतही नाही.

नकाशाची एक प्रत नमुना म्हणून माझ्या भिंतीवर आहे. परवा त्याची आई आली. "आमचं रान कुठं हाय यात?" मी बोट ठेवलं. तिनं त्या कोऱ्या मातीवरून हात फिरवला.

"इथं माझी म्हस असायची," ती म्हणाली. "त्या दिशी उठंना झालती. मीच शेपूट पिळून उठवली."